पंधरा ते आठ ठिपके, सर्व हक्क राखीव

२२ जून २००८, रविवार. स. ११.
आजपासून रोजनिशी. पुढे कोर्टात पुरावा म्हणून लागू शकते.

काल 'मयूरमंगल क्र. ७' पूर्ण झालं. ठिपक्यांची रांगोळी, पंधरा ते आठ. सहा मोर, पिसारे मधल्या कमळात मिळतात. संपूर्णपणे कॉम्प्युटरवर. मोरांच्या माना शुभदाने कागदावर काढून दिल्या, कमळही तिनेच बसवलं, पण ती तांत्रिक मदत. बायकोला तेवढं येतंच.

मला हाताने रांगोळी घालता येत नाही. गरजही नाही. आर्किटेक्ट काही स्वतः विटा रचत नाही.

२४ जून, मंगळवार.
ऑफिसला हाफ डे टाकून भाईंदरला ममताबेनच्या गाळ्यावर. त्या रांगोळीचे स्टिकर छापतात. यंदा दिवाळीला एक नवीन डिझाइन हवंय, आणि पाकिटावर कलाकाराचं नाव छापणार आहेत. नाव! अठरा वर्षं नोकरी केली, माझं नाव छापलेलं दिसतं ते फक्त लाइटबिलावर. पाकीट मुंबई, सुरत, नाशिक सगळीकडे जातं.

डिझाइन दाखवलं. म्हणजे अर्धं. उरलेल्या अर्ध्यावर हात ठेवला. हल्ली कुणाचा भरवसा द्यावा? ममताबेन म्हणाल्या, उत्तमभाई, आधा मोर लेके मैं क्या करूँ? मी म्हटलं, पूरा मोर सुरक्षा होने के बाद. त्या म्हणाल्या, दसरे तक देखो, फिर मशीन चालू.

साडेतीन महिने आहेत. भरपूर.

६ जुलै, रविवार.
वेबसाइट सुरू. आमच्या लेकीने, अनुष्काने, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी शिकलेलं सगळं वापरलं. डिझाइनवर © ही खूण टाकली. एक कोपऱ्यात टाकली तर चोर कातरून टाकेल, म्हणून चार कोपऱ्यांत चार आणि कमळाच्या मधोमध एक. आता कातरा म्हणावं.

राइट क्लिक केलं की 'चोरी करू नका' अशी पाटी येते. आज मला ती बावीस वेळा आली. यंत्रणा चोख आहे.

९ जुलै, बुधवार.
डिझाइनचं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडतं. स्टेशनबाहेरच्या सीडीवाल्याकडून घेतलं होतं. आज त्याला जाब विचारला तर म्हणाला, ओरिजिनल ले लो ना साहब. लोकांत प्रामाणिकपणाच उरलेला नाही.

१३ जुलै, रविवार.
बी विंगमधले काशीनाथराव कोर्टात बेलिफ होते. त्यांनी जालीम उपाय सांगितला. डिझाइन पाकिटात घालायचं, सील करायचं, स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचं आणि उघडायचं नाही. तारखेचा शिक्का म्हणजे पुरावा. संकल्प: उद्याच.

१८ जुलै, शुक्रवार.
पाकीट आलं. मी ऑफिसात होतो. शुभदाने सही करून घेतलं आणि उघडलं. म्हणाली, तुझंच अक्षर होतं, मला वाटलं काहीतरी सांगायचंय. डिझाइनच्या मागे आता वाण्याची यादी आहे. साबुदाणा अर्धा किलो.

पुन्हा पाठवणार. पुढच्या आठवड्यात.

२० जुलै, रविवार. दु. ३.
काउंटर सांगतो की वेबसाइट एकसष्ट जणांनी पाहिली. शुभदाचं म्हणणं, त्यातल्या साठ वेळा तूच. शक्य आहे, पण मग एकसष्टावा कोण?

तिचं आणखी एक म्हणणं, कुणी मागत नाहीये ते पळवेल कोण? कला आणि कायदा दोन्ही तिच्या आवाक्याबाहेरचे विषय.

२७ जुलै, रविवार.
मोठा निर्णय. धोका वेबसाइटवर नाही, शेजारी आहे. आपल्या सोसायटीत बावन्न बिऱ्हाडं, म्हणजे सकाळी बावन्न उंबरठे. तेव्हा खाली गेटजवळच्या बोर्डावर जाहीर सूचना लावली: 'खालील डिझाइन कुणीही काढू नये.' खाली डिझाइन दिलं, कारण न दाखवता लोकांना कळणार कसं काय काढायचं नाही ते? ए-थ्री कागदावर रंगीत. ओळख पटावी म्हणून ठिपके किती, कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा, मोराची सुरुवात कुठून, सगळं बाण काढून समजावलं. © च्या पाचही खुणा ठळक लाल.

काशीनाथराव म्हणाले, एवढी स्वच्छ नोटीस उभ्या नोकरीत पाहिली नाही.

३० जुलै, बुधवार.
बोर्डासमोर सकाळपासून बायकांची गर्दी. नोटीस लक्षपूर्वक वाचत होत्या. एक-दोघी वहीत लिहूनही घेत होत्या. कायद्याबद्दल आस्था आहे लोकांत, सांगणारा पाहिजे.

३ ऑगस्ट, रविवार.
ए विंगमध्ये चार, बी विंगमध्ये सात, आमच्या मजल्यावर दोन. त्यातली एक आमच्याच दारात. शुभदा म्हणाली, सगळ्यांच्या दारात आहे, आपल्याच नको का? आणि छान समजावलंयस, पहिल्या फटक्यात जमली.

सगळ्यांनी © सुद्धा काढलंय. चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक. समोरच्या पटेलकाकींना विचारलं तर म्हणाल्या, वो चाँद है ना, गोले के अंदर. बहुत सुंदर है, चाँद के बिना तो डिझाइन खाली-खाली लगता है.

रागावलो. नोटीस फाडणार होतो. पण कागद चांगला होता.

८ ऑगस्ट, शुक्रवार.
प्रकरण सोसायटीबाहेर गेलं. आपली मासेवाली लक्ष्मी, उत्तनजवळच्या चौक गावाहून येते, पाटी उतरवताना म्हणाली, दादा, ती फळ्यावरची नक्षी बेस हाय. मी गावान नेली. आता सगल्या दारांत तीच हाय. मी तिला समजावलं की ही नक्षी माझी, परवानगीशिवाय काढणं गुन्हा. ती म्हणाली, मग तुमी काढता का? मी म्हटलं, मला काढता येत नाही. ती हसली आणि दोन बोंबील जास्त टाकले.

संकल्प: नारळी पौर्णिमेला स्वतः चौकला जाऊन एकेका घराला नोटीस. काशीनाथरावांनी पंचवीस प्रती काढून दिल्या.

१६ ऑगस्ट, शनिवार. नारळी पौर्णिमा.
भाईंदर वेस्टहून बस. काशीनाथराव सोबत, साक्षीदार म्हणून. चौकला उतरलो आणि उभाच राहिलो. एकोणीस दारांत माझे मोर. सहा पिसारे, एक पीस इकडचं तिकडे नाही. होड्या सजवलेल्या, त्यातल्या दोन होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगाने पाच-पाच चंद्र.

खरं सांगायचं तर छाती भरून आली. कुणाला सांगणार? म्हणून इथे लिहितोय.

मग कर्तव्य आठवलं. लक्ष्मीच्या सासूला, सुगंधाबाईंना, पहिली नोटीस दिली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली आणि नारळाची वडी तिच्यावर ठेवून मलाच परत दिली. मी विचारलं, हा चंद्र कशाचा? त्या म्हणाल्या, पुनवेच्या भरतीचा. समिंदराला नारळ द्याचा तं दारान चंद्र पायजेच, आमच्यान पयल्यापासून हाय. मी म्हटलं, आजी, महिन्यापूर्वी नव्हता. त्या म्हणाल्या, तू महिन्यापूर्वी व्हतास का हितं?

नव्हतो. कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा बळकट आहे.

उरलेल्या चोवीस नोटिसांत काशीनाथरावांनी सुकट बांधून आणली.

४ सप्टेंबर, गुरुवार.
काल गणपती आले. आमच्या पाटाभोवती मयूरमंगल, पाच चंद्रांसकट. शुभदाला म्हटलं, निदान घरात तरी © काढू नकोस, हक्क आपलेच आहेत. ती म्हणाली, पुसून बघ, कसं दिसतं. पुसलं. उघडंबोडकं दिसलं. तिला परत काढायला सांगितलं.

नवा संकल्प: विसर्जनानंतर ममताबेनना पूर्ण मोर दाखवायचा.

१४ सप्टेंबर, रविवार.
आज जाणार होतो. पण वेबसाइटचा पासवर्ड आणखी कठीण केला, त्यात दिवस गेला. आता आत शिरून बदल करायला माझ्याशिवाय कुणीही उघडू शकत नाही. मलाही तिसऱ्या प्रयत्नाला उघडतं.

२८ सप्टेंबर, रविवार.
पितृपक्ष. नवीन काम नको. सुरक्षा आणखी मजबूत होऊ द्यावी.

११ ऑक्टोबर, शनिवार.
आज ममताबेनकडे. दसरा होऊन दोनच दिवस झालेत, एवढं चालतं. पूर्ण डिझाइन, हात न ठेवता, टेबलावर पसरलं. © काढून टाकलेली स्वच्छ प्रत. व्यवहारात विश्वास हवा.

ममताबेनने चष्मा लावला. म्हणाल्या, उत्तमभाई, ये तो कोळी चंद्रकोर है. आपने चाँद क्यों निकाला? आणि मागच्या रॅकवरून स्टिकर काढून पुढे ठेवला. गेल्या आठवड्यातच मशीन सुरू झालंय. पाच चंद्र, सहा मोर. त्यांची कामवाली उत्तनची, तिच्या दारात पाहिलं म्हणे. मी म्हटलं, पण तुम्हाला तर बाजारात न दिसलेलं हवं होतं. त्या म्हणाल्या, नया सबको चाहिए, लेकिन लेते वही हैं जो पडोसी के दरवाजे पे देखा हो.

मी सांगितलं की हे माझं आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, कुठे आहे पुरावा? रजिस्टर्ड पाकीट दुसऱ्यांदा पाठवायचं राहिलंच होतं. पहिल्याच्या मागे साबुदाणा. मी म्हटलं, जूनमध्ये तुम्हाला दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, जूनमध्ये तुम्ही मला हात दाखवला होता.

पाकीट उलटून पाहिलं. कलाकाराच्या नावाच्या जागी छापलंय: पारंपरिक.

वाईट वाटलं. घरी येईपर्यंत वाटत होतं. शुभदाने चहात आलं जास्त घातलं होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार.
शांतपणे विचार केला. जे जनतेने परंपरा म्हणून स्वीकारलं ते अवघ्या दोन महिन्यांत निर्माण करणारा मीच. लोकांना शतकं लागतात. शुभदा म्हणाली, मोर माझे होते. हा नवीनच वाद. नंतर पाहू.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. सायं. ७.
ईमेल आला. वेबसाइट सुरू केल्यापासून बाहेरच्या माणसाचा पहिला. ममताबेनच्या ऑफिसातून. त्यांनी इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा त्यांचं 'कोळी चंद्रकोर' डिझाइन एका वेबसाइटवर परवानगीशिवाय आढळलं, चंद्रांसकट. अठ्ठेचाळीस तासांत काढा, नाहीतर कारवाई. म्हणजे माझ्याशिवाय वेबसाइट पाहणारा तो एकसष्टावा एकटाच नव्हता. यंत्रणा म्हणतात ती याला. आपल्या देशात या विषयाबद्दल कुणीतरी गंभीर झालंय, बरं वाटलं.

दहा मिनिटांत काढलं. चौथ्या प्रयत्नाला पासवर्ड लागला.

सोबत एक फॉर्म होता, भरून परत पाठवायचा. डिझाइनचं नाव: त्यांनीच टाइप केलेलं. स्वरूप: पारंपरिक, तेही टाइप केलेलं. त्याखाली 'नक्कल करणाऱ्याचं पूर्ण नाव', आणि पुढे रिकामी रेघ.

अनुष्काने प्रिंट काढून दिली. ठळक अक्षरांत, वडिलांच्या नावासकट, नीट भरलं. रेघ पुरली.