खुंटीवरचा कंदील

मंगळवार, सांजवेळ

मोबाईलवर परग्रहावरच्या समुद्राचा खेळ खेळत बसले होते. शांत खेळ हाय, एक बाई नुसती खोल खोल उतरत जाते. आई बघायली होती. म्हणली, "आधी कंदील सोडला का?"

जुन्या विहिरीत उतरायच्या आधी आमच्याकडं पेटता कंदील खाली सोडतात. तो विझला तर कोणी उतरत न्हाई.

मी हसले. दादाबी हसला. उद्या सकाळी राणीसावरगावला बंद विहिरीचा गाळ काढायला त्यालाच उतरायचंय. "माझ्याकडं बॅटरी हाय की," म्हणला आन् एसटीला गेला.

आता खेळातल्या बाईची हवा संपत आली. डोक्यावरची बॅटरी मात्र लख्ख.

बॅटरी विझतच न्हाई. हवा नसली तरी.

दादाचा फोन लागंना. कंदील खुंटीलाच हाय.