घंटेनंतरचा शब्द

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

चार महिने पत्र नाही, माफ कर. वॉर्डातले एक आजोबा पलंगावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्यांनी घंटा वाजवली तेव्हा वॉर्डातल्या मावशी कुठे होत्या, असं सगळे विचारताहेत. चादरी बदलणाऱ्या त्या बाईंची नोकरी जाईल असं दिसतंय. पाळीवरची नर्स म्हणून मला इंग्रजीत खुलासा द्यायचाय. मसुदा पाठवतेय, मास्तर, तपासून दे.

आणि एक कुतूहल. क्रियाविशेषण वाक्यात कुठे बसवायचं, हे ठरवतं कोण?

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

‘ऑलवेज’ बहुधा क्रियापदाला खेटून बसतं, ‘येस्टर्डे’ वाक्याच्या कुठल्याही टोकाला. काही तुझ्यासारखी, आपली खुर्ची न सोडणारी. काही माझ्यासारखी, जागा मिळेल तिथे. ओळखायचं कसं? क्रियापदाला विचार: कसं, कधी, कुठे, किती वेळा? उत्तर देईल ते क्रियाविशेषण.

तुझा मसुदा फार हाडकुळा होता. ‘घंटा वाजली, मी गेले’ एवढंच? तिथे ‘इमीजिएटली’ घातलंय. आता तुला कोणी बोट लावणार नाही.

माया असू दे.

धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझी युक्ती करून पाहिली. ‘गेले’ला विचारलं, कधी? उत्तर आलं: तिघांचे टेम्परेचर चार्ट भरून झाल्यावर. घंटा मी ऐकली होती. एवढं संपवून उठते, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात आजोबा स्वतःच उठायला गेले. मावशी चादरी आणायला गेल्या होत्या, आणि पाठवलं मीच होतं. मसुद्यात तेही नव्हतं.

ती जागा मी मोकळी का सोडली, हे चार दिवस स्वतःला विचारतेय. इंग्रजी येत नाही म्हणून, असं म्हणायला सोपं आहे.

तुझा शब्द खोडला, रागावू नकोस. त्या जागी ‘आफ्टर अबाउट फाइव्ह मिनिट्स’ लिहिलंय, आणि मावशींना मी पाठवलं होतं हेही. चार शब्द मिळून एका क्रियाविशेषणाचं काम करतात का रे? करत असतील तर मला नवलच वाटेल, आणि बरंही. मला मिळायची होती ती बढती बहुतेक गेली. तुझ्या बायकोला इतक्यात सांगू नकोस. ती काळजी करत बसेल.

आहे तसाच जीव लाव.

ताई

ता. क. उद्याचं काम: खुलासा देण्याआधी मावशींना तो आपल्या भाषेत वाचून दाखवणे.