कॉम्प्युटरातला भाडेकरू

सोम. ५ जाने.
सकाळी कॉ. उघडला तर आधी जाहिरात. केस गळतात का. गळतात, पण तुला कोणी विचारलं? ती बंद केली तर दुसरी आली, गुडघेदुखीची. मग ‘भजनं’ फोल्डर उघडायला गेले, तर चिन्हाच्या खालच्या कोपऱ्यात बारीकसा बाण फुटलेला. फोल्डर उघडतो, पण त्याआधी एक काळी चौकट लकाकून जाते. व्हायरस. अठ्ठावीस वर्षं ऑफिसात टायपिस्ट होते, एवढं कळतं मला.

त्या फोल्डरात सासऱ्यांची भजनं आहेत. एकशे त्रेचाळीस. त्यांची वही सहा वर्षांपूर्वी वरची टाकी फुटली तेव्हा भिजून लगदा झाली. निम्मी वहीवरून टायपून झाली होती, बाकीची वही गेल्यावर बुवांनी आठवून आठवून सांगितली. (बुवा म्हणजे आमचेच. अख्खी काळाचौकी बुवा म्हणते, मीही लिहिताना तेच म्हणते.) महाशिवरात्रीला गावच्या रवळनाथाच्या देवळात पुस्तक ठेवायचं असा शब्द दिलाय त्यांनी गाववाल्यांना. प्रेसला महिनाअखेर द्यायचं. आणि आता हा आत येऊन बसला. न विचारता आला, पथारी पसरली. ह्याचं नाव भाडेकरू.

बुध. ७
व्हायरस मारायचं औषध उतरवून घेतलं. तीन तास चाललं. हिरवी खूण, सगळं साफ. जिंकले म्हणून चहा टाकला.
परत येऊन बघते तर भजनांचा फोल्डर रिकामा. बुवा शांत. उठले, देव्हाऱ्यातून पेनड्राईव्ह काढला, डोळ्यांना लावला, दिला.
तो आमचा राखीव साठा. टायपून झालं की त्यात भरायचं आणि देवाजवळ ठेवायचं. लेकीची मार्कशीट, खोलीचे कागद, बुवांचा मिलचा पहिला पगार, सगळं ह्या घरात आधी देवाजवळ ठेवतात. रोज पूजेत त्यालाही हळदकुंकू लागतं. तोंडाला मात्र लागू देत नाहीत, टोपण घालून ठेवतात. एवढी अक्कल आहे.
लावला, भजनं परत भरली. बरं वाटलं.

गुरु. ८
भा. परत आला. बाण परत. केस परत गळू लागले.

शुक्र. ९
विचार केला, आत येतो कुठून? भजनं टायपताना तर इंटरनेट बंदच असतं. मग आठवलं, गेल्या महिन्यात खाली महेशच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेले होते. दिवसाला शंभर जणांचे पेनड्राईव्ह त्याच्या मशीनला लागतात. गेले खाली. चार माणसांत बोलले त्याला. तुझ्या दुकानातून रोगराई येते चाळीत, असं म्हणाले. तो बिचारा आधार कार्डाची झेरॉक्स काढत होता, हातातला कागद तसाच राहिला.
थोडं जास्त झालं. पण राग आला की मी थांबत नाही, हे महेशलाही माहीत आहे.
वर येऊन परत साफ केलं. फोल्डर परत रिकामा. परत देवाजवळचा पेनड्राईव्ह. संध्याकाळी भा. परत हजर.

रवि. ११
स्वातीचा, लेकीचा, फोन. आई, नवीन घे ना गं, तो कॉम्प्युटर म्युझियममधला आहे. म्हटलं, मीही म्युझियममधलीच. नव्यावर माझी मराठी टायपिंगची जुनी पद्धत चालेल का, ते सांग.
लालबागच्या गावडेला बोलावलं. चिवडा गल्लीच्या तोंडाशी त्याचं रिपेरिंगचं दुकान, पंचेचाळिशीचा माणूस, आमच्या मालवणचाच. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, काकी, हे मुळापर्यंत गेलंय. सगळं पुसून नव्याने भरायला लागेल. भजनांची कॉपी आहे ना दुसरीकडे? बुवांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. गावडेने तिकडे हात जोडले आणि कॉ.चा डबा घेऊन गेला.
दोन दिवस टेबल रिकामं राहणार. बुवा त्यावर पेटी ठेवून बसले.

मंगळ. १३
कॉ. आला. कोरा करकरीत, नवऱ्या मुलासारखा. अर्धा तास नुसता चालू-बंद करून बघितला. जाहिरात नाही, बाण नाही. मग भजनं भरली.
एका तासात केस गळायला लागले.
गावडेला फोन. काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, काकी, माझ्याकडून साफ गेला होता. मी म्हटलं, म्हणजे मी रचून सांगते का? फोन आपटला. मोबाईल आपटता येत नाही नीट, तरी आपटला.

बुध. १४, संक्रांत
दुपारी गावडे दारात. हातात तिळगूळ. माणूस चांगला आहे, काल मी बोलले ते पोटात ठेवून आला. बसला, चहा घेतला आणि एकच विचारलं.
“काकी, माझ्याकडनं आल्यावर पहिली वस्तू काय लावलीत?”
“दुसरं काय लावणार? देवाजवळचा पेनड्राईव्ह.”
मी उठले. तोच कॉ., तोच पेनड्राईव्ह, पण आज चष्मा लावून बघितलं. पेनड्राईव्हच्या आतल्या फोल्डरच्या कोपऱ्यातही तोच बाण. पहिल्या दिवसापासून तिथेच असणार. बघितलाच नाही मी. देवाजवळच्या वस्तूकडे कोण संशयाने बघतं? भा. माझ्याच देव्हाऱ्यात राहत होता, रोज फुलं घेत होता, आणि साफ केलेल्या घरात दर वेळी मीच त्याला हाताला धरून आणून बसवत होते.
काखेत कळसा नि गावाला वळसा. महेशची आठवण झाली, लाज वाटली.
बुवांना पटेना. “देवाजवळचां आसा तां. तेका काय होवचां नाय.” गावडे खाली बघून हसला. मला हसूही येईना, रडूही.

गुरु. १५
सकाळी खाली जाऊन महेशला चार माणसांत तिळगूळ दिला आणि चार माणसांतच माफी मागितली. ज्या भांड्यातून सांडलं त्याच भांड्यात भरलं. तो म्हणाला, काकी, तुम्ही माफी मागताय म्हणजे मला ताप येईल.
दुपारी कॉ.वर आणि पेनड्राईव्हवर, दोन्हीकडे औषध चालवलं. बाण गेले.
भजनंही गेली.
रिकामा. पांढरा. कॉ. पुसलेला, त्यात भरलेली भजनंही दिसत नाहीत, आणि देवाजवळचीही गेली. एकशे त्रेचाळीस. बुवांना सांगितलं. जेवायला बसले आणि ताटावरून उठले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा उठले. मासे होते तरी.
माझ्या हातून झालं. भा. च्या नाही, माझ्या.

शुक्र. १६
रडून झालं. आता डोकं चालवायचं.
पेनड्राईव्ह रिकामा दिसतो, पण किती जागा भरलीय ते बघितलं तर भरलेलीच दाखवतो. रिकाम्या खोलीचं वजन कसं? म्हणजे आत कोणीतरी आहे. गावडेला फोन केला (सौम्यपणे). तो म्हणाला, काकी, शाबास. हा व्हायरस फायली मारत नाही, लपवतो, आणि दारात स्वतःची पाटी लावतो. तुम्ही पाटी काढलीत. आतली माणसं अजून आतच आहेत. त्यांना बाहेर काढायची एक ओळ असते, काळ्या खिडकीत टाईप करायची. उद्या येऊन करून देतो.
म्हटलं, तू येऊ नकोस. ओळ सांग.

शनि. १७
ओळ वहीत उतरवून घेतली. मग टायपली. काळी खिडकी म्हणाली, चूक. परत. चूक. एकही अक्षर चुकलेलं नाही, माझं अक्षर चुकत नसतंच. मग बघितलं, दोन खुणांच्या मध्ये एक जागा सोडायची राहिली होती. ऑफिसात नव्या मुलींना मी ह्याच गोष्टीवरून ओरडायचे.
जागा सोडली. एन्टर.
खिडकी गप्प. पंधरा-वीस सेकंद. बुवा मागे उभे, त्यांचा श्वास ऐकू येत होता.
मग फोल्डर उघडला आणि आली. एक, दोन, दहा, खाली खाली खाली. मोजली. एकशे त्रेचाळीस. परत मोजली.
बुवांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, मग माझ्या डोक्यावर. लग्नानंतर असं काही केलेलं आठवत नाही. मी म्हटलं, अहो, बाहेरची माणसं बघतात. दार उघडं होतं ना.
संध्याकाळी बांगड्याचं तिखलं. बुवा दोनदा भात घेऊन जेवले.

रवि. १८
पण भा. अजून आत. त्याला काढल्याशिवाय झोप नाही.
कॉ. सुरू होताना आपोआप काय काय उठतं, त्याची यादी असते. गावडेने फोनवर दाखवून दिलं कुठे ते. त्या यादीत एक नाव असं की कोणी मांजराने कीबोर्डवरून चालावं. ते पकडलं. आधी चालतं ते थांबवलं, मग यादीतून काढलं, मग त्याचं मूळ शोधून तेही पुसलं. परत सुरू केला. नाही. परत. नाही. सात वेळा चालू-बंद केला, मग बुवा म्हणाले, आता मशीन दमेल.
भजनं कॉ.मध्ये एकेक बघून भरली, बाण नसलेली. मग पेनड्राईव्ह कोरा करायचा होता. बुवांनी आधी हळद-कुंकू पुसलं, अक्षता टाकल्या, देवाला सांगितलं. उत्तरपूजा करून विसर्जन करतात तसं. मग म्हणाले, कर. मी केलं. पुसला आणि नव्याने भरला. देव्हाऱ्यात परत गेला, ते वेगळं सांगायला नको.
भा. ने खोली खाली केली. पागडी न घेता.

मंगळ. २०
बातमी फुटली. सकाळपासून चार पेनड्राईव्ह आले. तिसऱ्या मजल्यावरच्या नाईकांच्या लग्नाचे फोटो ‘गेले’ होते, ते काढले. नाईकबाई रडल्या. महेशच्या दुकानाचं मशीनही झाडून दिलं, दोन तास लागले, तो शेजारी उभा राहून पंख्याने वारा घालत होता. गावडे म्हणाला, काकी, माझ्या दुकानाच्या शेजारी गाळा रिकामा आहे. चेष्टा करतो, पण मला आवडलं. सहासष्टाव्या वर्षी कोणी स्पर्धक म्हणतंय.

गुरु. २२
प्रेसला देण्याआधी एकेक फाईल उघडून बघायची, कुठे अक्षर फुटलंय का, ओळ गेलीय का. एकशे त्रेचाळीस. आज ऐंशीपर्यंत आले. सगळी शाबूत.
एक गंमत. ही भजनं मी टायपलीत, पण वाचत पहिल्यांदाच आहे. टायपिस्टने मजकूर वाचायचा नसतो. वाचलं की हात अडतो. कानातून आलं ते बोटांतून गेलं पाहिजे. अठ्ठावीस वर्षं कोणाची बदली, कोणाचं निलंबन, सगळं असंच टायपलं. सासऱ्यांची भजनंही तशीच. बुवा सांगत, मी टायपत. आता वाचते तर छान आहेत. साधी आहेत. सासरे रागीट होते, पण देवाशी बोलताना लहान होतात.

शुक्र. २३
एकशे सव्विसावं.

भोंगा गेला मनोरा आला, काचेत मीच मला दिसे
दास सखा म्हणे रवळनाथा, तुझे घर आता कुठे असे

तीनदा वाचलं. दास सखा म्हणजे सासरे, सखाराम. प्रत्येक भजनाच्या शेवटी असतं. पण ते गेले तेव्हा मिलचा भोंगा रोज वाजत होता. आम्ही त्यांना नेलं ते दुपारच्या भोंग्यानंतर. काचेचा मनोरा त्यांनी कुठे बघितला?
पुढची वाचली. एकात मधुमेहाची गोळी आहे, ती बुवा घेतात. एकात लेक परक्या गावी डोंबिवलीला. सासऱ्यांना लेक नव्हती. डोंबिवलीला आमची स्वाती आहे.
वही भिजल्यानंतर ‘आठवलेली’ आहेत ही सगळी. ह्यातलं एकही बुवांनी भजनी मंडळात कधी म्हटलेलं नाही, हेही आत्ता लक्षात येतंय.
भा. गेल्यावरही इतका आनंद झाला नव्हता. आणि राग. सहा वर्षं माझ्याच बोटांतून गेली ही, आणि मला पत्ता नाही.

रवि. २५
विचारलं. सरळ नाही, मला सरळ जमलं नाही. म्हटलं, ते मनोऱ्याचं भजन बाबांनी कधी केलं हो?
बुवा पेटीच्या पट्ट्या पुसत होते. पुसतच राहिले.
“बाबांचीच ती. माका खंय येवढां जमता.”
पुढे विचारलं नाही. गावात बाबांचं नाव आहे. बाबांची म्हणून लोक गातील. बुवांची म्हणून गातील का, हा त्यांचा प्रश्न असावा. किंवा वही भिजली, बाबा कमी पडू नयेत म्हणून भरून काढली असतील. सत्तर पूर्ण झाली ह्या माणसाला, आणि स्वतःला बाणामागे लपवून बसलाय. ह्याला बाहेर काढायची ओळ गावडेला माहीत नाही.

शुक्र. ३०
प्रेसला सगळं पाठवलं. एकशे त्रेचाळीस, अनुक्रम, देवाचा फोटो, आभार (गावडे, महेश). संध्याकाळी प्रेसवाल्याचा फोन, वहिनी, मुखपृष्ठावर ‘रचना’ लिहून पुढे जागा मोकळी सोडलीय, नाव राहिलं का? म्हटलं, राहिलं नाही, ठेवलंय. सोमवारपर्यंत सांगते.
बुवांना मुखपृष्ठ दाखवलं. बराच वेळ बघितलं. मोकळी जागा दिसली असणारच. पेटी ओढून घेतली, दोन सूर धरले, सोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आणखी एक आठवलां बाबांचां. बस गो टायपाक.”
बसतेय. ह्या वेळी वाचत.