तरंगते मेहुणे आणि हाक मारण्याचं काम

४ जून, मंगळवार

माझी आरामखुर्ची गेली. चोरीला नव्हे — विज्ञानाला. कालपासून तीत मेहुणे पडून आहेत. कानांवर भलेमोठे हेडफोन, तोंड अर्धं उघडं. बायकोचे हे थोरले बंधू जन्मभर कानांच्या दवाखान्यात लोकांना नीट ऐकू येतं का ते तपासत आले. त्यातूनच शोध लागला, की दोन कानांत दोन वेगळे सूर घुमवले तर माणूस देहाबाहेर निघतो. या विद्येचे आद्य संशोधक म्हणून परदेशातले चार विद्वान त्यांना मानतात. आमच्या गल्लीत त्यांना 'तरंगते काका' म्हणतात.

आलेत ते बहिणीसाठी. पुढच्या बुधवारी तिचं ऑपरेशन, पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर 'छोटीशी' म्हणाले. गाठ छोटीशी की शस्त्रक्रिया, ते विचारायचं राहिलं.

पण खुर्ची! संतापून श्लोक करायला घेतला —

देहं त्यजति मे श्यालो न त्यजत्येव विष्टरम् ।

मेहुणा देह सोडतो, आसन काही सोडत नाही. पुढची ओळ सुचेना. बसायला जागा नसली की प्रतिभाही ताटकळत उभी राहते.

५ जून

आमच्या पेपरच्या संपादकांना कळलं. "घरात आत्मा ये-जा करतोय आणि तुम्ही फुटलेल्या पाइपांच्या बातम्या देताय?" रविवारच्या पुरवणीला लेख हवा म्हणे. म्हणून प्रयोगात मदतनीस झालो. काम एकच — मेहुण्यांच्या पायाचा अंगठा हलला, की हाक मारून त्यांना परत आणायचं.

"दादा" म्हणून पाहिलं. "अहो संशोधक" म्हणून पाहिलं. ढिम्म. शेवटी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "ए ढब्बू!" ताडकन उठून बसले.

"मोठेपणीचं नाव कागदोपत्री असतं, भावोजी," चष्मा शोधत म्हणाले. "आत पोचतं ते लहानपणचं."

म्हणजे एका आद्य संशोधकाला मी आता रोज ढब्बू म्हणायचं. एवढं सुख बातमीदारीने कधी दिलं नाही.

७ जून

आज कसोटी. बायकोने कपाटाच्या माथ्यावर एक चित्र ठेवायचं, मेहुण्यांनी तरंगत जाऊन ते पाहून यायचं. गेले. ढब्बू म्हटल्यावर आले.

"चित्रबित्र काही नाही. नुसती धूळ."

"अगंबाई," बायको म्हणाली, "ठेवायचं राहिलंच की!" मी नको म्हणेपर्यंत स्टुलावर चढली. वर बोटभर धूळ. मेहुण्यांनी प्रयोग यशस्वी झाल्याचं जाहीर केलं.

"वर गेलाच होतास तर फडकं मारून यायचं," ती म्हणाली.

उतरताना तिने पोटाशी हात धरला. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिने पाहिलं. मग आम्ही दोघं बराच वेळ धुळीविषयी बोललो.

८ जून

आज मेहुणे देहाबाहेर गेले. देह मागे राहून घोरत होता.

१० जून

दवाखान्यात जाऊन आलो. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऑपरेशननंतर नर्स तुम्हाला आत बोलावेल. नावाने हाक मारा. ओळखीच्या आवाजाला पेशंट लवकर ओ देतो."

इथेच घोडं अडलं. लग्न झाल्यापासून मी हिला 'अगं' याशिवाय हाक मारलेली नाही. आणि वॉर्डात 'अगं' म्हटलं तर सगळ्याच बायका उठून बसतील.

"तुमच्या 'अगं'ला मी शुद्धीत असताना तरी कुठे ओ देते?" बायको म्हणाली.

मग लहानपणचं नाव विचारलं. सांगेना. "आणि दादाने सांगितलं ना, तर त्याचे हेडफोन भंगारात!"

व्युत्पत्त्या साऱ्या जगाच्या ठाऊक. बायकोचं घरातलं नाव ठाऊक नाही.

११ जून

मेहुणे बधेनात. बहिणीपाशी शपथ घेतलीय म्हणे.

"शपथ कुणी घेतली? देहाने," मी म्हणालो. "मग बाहेर जाऊन सांगा."

युक्तिवाद पटला. हेडफोन चढवले, डोळे मिटले, हात छातीवर ठेवले. मी वाट पाहत राहिलो.

"भोंगा," ओठ हलले. अंगठा जागचा हलला नाही.

लहानपणी ही रडायला लागली की गल्ली खडबडून जागी व्हायची. खरं वाटत नाही. गेल्या महिन्याभरात हिने साधं 'हुश्श' केलेलं ऐकलं नाही.

१२ जून, बुधवार

दवाखान्याच्या बाकावर. तिला आत नेलंय. मेहुणे शेजारी आहेत. हेडफोन घरीच ठेवून आलेत.

"दादा, तुम्ही जरा आत जाऊन बघून येता का?" मी विचारलं. पहिल्यांदाच थट्टा नव्हती.

ते बंद दाराकडे बघत म्हणाले, "आज नाही जमणार, भावोजी."

नर्स आली की मी उठतो. ती दुसऱ्याच कुणाला तरी बोलावते. नाव पाठ आहे. हाक मारल्यावर तिने ओ दिली नाही तर पुढे काय करायचं, ते कुणीच सांगितलेलं नाही. मला फार भीती वाटते आहे.