मयत कान्हा ठोंबरे यास कामावरून मोकळे केल्याचे पत्र मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्मिक अधिकारीसाहेब,
पुठ्ठ्याचा कारखाना, साजगाव, ता. खालापूर, जि. रायगड

अर्जदार : शकू कान्हा ठोंबरे, राहणार कुंभिवली

विषय : कॉम्प्युटरमधून नाव काढण्यापूर्वी एक शेवटचे पत्र पाठविणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाकडून मयताच्या नावे आलेली गैरहजेरीची पत्रे.

महोदय,

अर्जदाराचा नवरा कान्हा आपल्याकडे दुसऱ्या पाळीला कामास होता. गेल्या भाद्रपदात पाळी संपवून सायकलवरून घरी येताना हमरस्त्यावर ट्रकने त्यास उडविले. इस्पितळातून त्यास कापडात बांधून आणले आणि घरच्यांनी सांगितले की तोंड पाहण्यासारखे उरले नाही. त्यामुळे त्याच्या आईने, धोंडूबाईने, मुलाचे तोंड पाहिले नाही. दीर गजा याने मृत्यूचा दाखला आपल्या कचेरीत दिला, तो घेतलाही गेला. इथवर कोणाची काही तक्रार नाही.

तक्रार कॉम्प्युटरची आहे. त्या यंत्रात अशी सोय आहे म्हणतात की, संध्याकाळी हजेरी भरून झाली की ते आपणहून सगळ्याची नक्कल एका पातळ काळ्या तबकडीवर, म्हणजे फ्लॉपीवर, उतरवून ठेवते. ही सोय कान्हा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून बंद पडली. आपल्या भागात वीज येते कमी आणि जाते जास्त. वीज गेली की यंत्र सारे विसरते. मग हजेरी कारकून हिरामण शेवटची चांगली नक्कल आत घालतात, आणि ती नक्कल नेमकी त्या संध्याकाळची, ज्या संध्याकाळी कान्हा कामावर होता. बाकीच्यांची माहिती पुन्हा भरली जाते, कारण जिवंत माणसाचा पगार कमी आला तर तो खिडकीवर येऊन भांडतो. मेलेला भांडायला येत नाही. त्याचे नाव तसेच राहते, आणि यंत्र त्यास पत्र धाडते की आपण विनापरवाना गैरहजर आहात, ताबडतोब कामावर रुजू व्हावे.

हिरामण यांनी प्रयत्नात कसूर केली नाही हे अर्जदार मान्य करते. त्यांनी फ्लॉप्या बदलल्या, आतला भाग स्पिरिटने पुसला, प्लग दुसऱ्या भिंतीत लावला. शेवटी खोलीच्या दाराला लिंबू-मिरची बांधून उंबऱ्यावर नारळ फोडला. नक्कल झाली नाही ती नाहीच.

अर्जदार चौथीपर्यंत शिकलेली असल्याने ही पत्रे सासूबाईंना तिनेच वाचून दाखविली. पहिलेच पत्र ऐकून सासूबाई उठून बसल्या. म्हणाल्या, "मेल्या मानसाला कोन कामाव बोलवल गं? कंपनी काय येडी हाय? माजा कान्हा हाय कुटंतरी." त्या दिवसापासून त्यांनी अर्जदारास कुंकू लावावयास लावले. पत्र आले की त्या डबा भरून आपल्या कारखान्याच्या फाटकाशी जातात आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा होईतो बसतात. कोणी समजावले तर एकच उत्तर, "तोंड बगितलंव का मी?"

त्यातच एक पत्र असे आले की, आपण अमुक तारखेस दुसऱ्या पाळीला हजर होता, त्यापुढे गैरहजर आहात; आणि ती तारीख नेमकी अमावास्येची. गावाची बोबडी वळली. दिवेलागणीनंतर त्या वाटेने कोणी जाईना. पुढे आपल्या वॉचमनने सांगितले की, कान्हाचा पितळी बिल्ला म्हातारीनेच नेऊन फळ्यावर टांगला होता, आणि फळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस हजर. हे कळल्यावर गाव हसले. अर्जदार मात्र रडली, कारण पत्र आल्यापासून वॉचमन येईपर्यंत तिने दाराला कडी लावली नव्हती. सायकलची घंटा वाजली की आजही तिचा हात चुलीवरून निघतो.

आता मुंबईचा इंजिनिअर येऊन गेला आणि दोष सापडला. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. तिच्यावर चिकटपट्टी लावली की आतले पुसले जात नाही, पण नवे काही लिहिलेही जात नाही. कान्हा गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, कोणाची हजेरी पुसू नये म्हणून, हिरामण प्रत्येक कोऱ्या फ्लॉपीला आधी पट्टी लावीत आणि मगच यंत्रात घालीत. त्यांची जपणूकच नडली. त्यांच्यावर रागावू नये ही विनंती. पट्ट्या निघाल्या, नक्कल सुरू झाली. कान्हाचे नाव आता काढणार, ते पुन्हा परत येणार नाही आणि पत्रही येणार नाही, असे गजास सांगण्यात आले. बिल्ला तेवढा जमा करा म्हणाले.

फळ्यावरून परत आणल्यापासून बिल्ला सासूबाईंच्या कमरेला आहे. त्या म्हणतात, "ज्या सायबानं बोलावलं त्यानंच जा म्हनून लिवावं, मंग देतंय." वर्षश्राद्ध तोंडावर आले आहे, ते त्या करू देत नाहीत.

तरी मेहेरबानी करून नाव काढण्याआधी त्याच यंत्रातून, त्याच कागदावर, कान्हाच्याच नावे एक पत्र यावे : तुमची पाळी संपली आहे, तुम्हाला कामावरून मोकळे केले आहे, यापुढे तुम्हाला बोलावणे येणार नाही.

खाली नाव असलेला अर्जलेखक तालुका कचेरीच्या पायरीवर बसून लोकांची गाऱ्हाणी लिहितो. त्याने अर्जदारास सुचविले की, म्हातारीला वाचता येत नाही, कुठल्याही कागदावरून हेच वाचून दाखव, साहेबांना त्रास कशाला? त्यावर अर्जदार म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहीत आहे, कारण त्याचे कचेरीच्या भाषेत काय करावे हे अर्जलेखकास सुचले नाही :

"आयेला खोटं वाचून दाखवीन वो बुधाजीभाऊ. पन माज्यासाटी मी काय वाचू?"

आपल्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

(सही) शकू कान्हा ठोंबरे
दिनांक : २२ ऑगस्ट १९८८, खालापूर

अर्ज लिहिणार : बुधाजी, कचेरीजवळ, खालापूर

सोबत :
१. मयताच्या नावे आलेली सर्व पत्रे.
२. मृत्यूच्या दाखल्याची नक्कल.
३. बिल्ला जोडलेला नाही. पत्र पोचल्यावर धोंडूबाई स्वतः फाटकावर आणून देतील.