वरची सात वर्षं

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीची कंबर कशी आहे? बाम संपला असेल तरी ती सांगायची नाही, तूच बघ.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगते. तुझ्या दुकानात पिस्तूल घेऊन शिरलेल्या माणसाचं अपील आमच्या मोफत कायदा मदत कचेरीकडे आलंय. मी तुझी बहीण, म्हणून मला त्या फाईलला हात लावता येत नाही; शेजारच्या टेबलावरचे वकील ती चालवतात. त्याला लुटीच्या प्रयत्नाबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली आणि हिंसक गुन्ह्यात पिस्तूल बाळगलं म्हणून वर सात. भांडण त्या सातांचं आहे. हिंसक कशाला म्हणायचं? वकिलांचं म्हणणं, त्या दिवशी काय घडलं ते नाही, गुन्ह्याची व्याख्या बघायची. दाराबाहेरच पकडला गेलेला, कुणाला बोटही न लावलेला माणूससुद्धा लुटीच्या प्रयत्नात दोषी ठरतो. म्हणजे जबरदस्तीशिवायही हा गुन्हा होतो. मग तो हिंसक नाही, आणि सात वर्षं गळतात.

मला हे पटतं, तेही लपवत नाही. रागावलास तर रागाव, पण पत्र लिही.

तुझी,
ठेंगू

ता. ११ मार्च

चि. ठेंगूस,
अनेक आशीर्वाद.

कंबर बरी आहे. बाकी काही बरं नाही.

व्याख्या पुस्तकात असते गं, माझ्या दुकानात माणूस शिरला होता. चार वर्षं झाली, चिमटा धरला की हात थरथरतो. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा मी आता घड्याळांचे पट्टे नि सेल बदलतो. वहिनी शिवण घेऊन दिवसभर दुकानात दाराकडे तोंड करून बसते. हे कुठल्या कलमात बसतं ते तुमच्या वकिलांना विचार. ज्याचं जळतं त्याला कळतं. न्यायाधीशांनी घडलं ते बघावं, एवढंच माझं मागणं. मी कोर्टात सांगितलंय, नळी कपाळाला टेकवली होती. आणखी हिंसक ते काय असतं?

लहानपणी तुझ्या वाटचा मार खाल्ला, त्याचं हे फळ! जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा,
दादा

ता. २९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अपील फेटाळलं. न्यायाधीश म्हणाले, नुसत्या व्याख्येवर भागणार नाही, प्रत्यक्ष घडलं ते बघू. आणि त्याला पुरावा एकच, तुझी साक्ष. तो माणूस पहिल्यापासून सांगत होता की पिस्तूल कमरेतून काढलंच नाही; पोलिसांना ते तिथेच मिळालं. पण निकालात तुझं वाक्य जसंच्या तसं उतरलंय. सात वर्षं कायम.

आनंद झाला असं लिहिणार होते, जमलं नाही. पण तुला आता झोप लागणार असेल तर माझी तक्रार नाही. वरच्या कोर्टात जायला तीस दिवस आहेत. वकील म्हणतात, नवीन काही नसेल तर कठीण आहे.

माया पूर्वीएवढीच ठेव.

तुझी,
ठेंगू

ता. ६ मे

चि. ठेंगूस,
अनेक आशीर्वाद.

झोप लागली नाही.

त्या दिवशी माझ्या एका डोळ्याला भिंग होतं, दुसरा मिटलेला. भिंगातून वीतभरावरचंही धूसर दिसतं. मला दिसत होता एक स्क्रू. घड्याळं काढ, पिस्तूल आहे, असं कुणीसं म्हणालं. मी मान वर केलीच नाही. शेजारचा न्हावी आत आला नि तो पळाला, तोवर भिंग डोळ्यालाच होतं. पिस्तूल मी पाहिलंच नाही. कोर्टात सरकारी वकिलांनी तीनदा विचारलं, नळी कुठे होती. समोर सगळा बाजार बसलेला. नुसत्या आवाजानं माझे हात गेले, हे चारचौघांत कसं सांगू? म्हणून म्हणालो, कपाळाला. भीती खरी होती गं, नळी खोटी.

व्याख्येवर निकाल लागला असता तर माझं खोटं कुणाच्या माथी बसलं नसतं. घडलं ते बघा, असा हट्ट मीच धरला होता.

काल वहिनीला सांगितलं. तिनं हातातली शिवण बाजूला ठेवली आणि मला कोर्टात जाऊन खरं सांगायला सांगितलं. सोबत तीही येणार आहे. खोट्या साक्षीला शिक्षा असते हे मला ठाऊक आहे. किती ते कळवू नकोस, मी पाय मागे घेईन. साक्ष बदलायला कुठे आणि कधी यायचं, एवढंच वकिलांना विचारून लिही. तीस दिवसांतले सात गेले.

लोभ करण्याजोगा राहिलो असेन, तर असू दे.

तुझा,
दादा