मोहरीएवढ्या माश्या

प्रिय सोन्या,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने आला. खोडत नाही, पण आज त्याच्यावर फार विसंबू नकोस. फोन मुद्दामच केला नाही. मी चिडले की तू ‘आई, मीटिंग आहे’ म्हणून फोन ठेवतोस आणि माझा राग मग भांड्यांवर निघतो. पत्र मध्येच तोडता येत नाही. शेवटपर्यंत वाच, आणि सूनबाईलाही वाचायला दे. आपण कोणाशी संसार करतोय ते तिलाही कळू दे.

आधी घरची बातमी. तुझ्या बाबांना गेल्या मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तासभर तपासलं, अगदी खालची बारीक ओळसुद्धा यांनी घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, “काका, या वयात असे डोळे मी बघितले नाहीत.” दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. हे मात्र जिन्यात थांबले आणि म्हणाले, “डोळे ठीक आहेत, म्हणजे डोक्यातच काहीतरी झालंय.” तेव्हापासून कुलूप लावलं की तीनदा परत जाऊन ओढून बघतात. गॅस बंद आहे का ते मला विचारतात, मी हो म्हटलं तरी स्वतः वाकून बघतात आणि वाकून बघितल्यावर पुन्हा मला विचारतात. काल रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. पस्तीस वर्षांच्या संसारात भर रस्त्यात या माणसाने माझा हात कधी धरला नव्हता, आणि धरला तोही समोरून येणारी गाडी खरी आहे का याची खात्री नव्हती म्हणून.

हा माणूस आयुष्यभर विजेचे मीटर वाचत हिंडला, हे तुला मी सांगायला नको. जिन्याखालच्या अंधारात, जाळ्याजळमटांत, कुत्री अंगावर घेत. दिसतो तो आकडा लिहायचा, अंदाजाने एकही लिहायचा नाही. सहकारी चहा पीत बसून आकडे ठोकायचे आणि यांना ‘हरिश्चंद्र’ म्हणून चिडवायचे. तोच स्वभाव घेऊन हे कीटक संशोधन केंद्रामागच्या फुलांच्या पट्ट्यात जाऊन बसले. तू दहा वर्षांचा होतास तेव्हा. सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्तीनंतर रोज, सकाळी एक स्टूल, एक वही, एक तास. कोणता किडा कोणत्या फुलावर बसला, किती वाजता. एका ‘भेटी’ला एक ओळ, आणि वर्षअखेर वहीची नक्कल केंद्राला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही देत नव्हतं, तरी बावीस वर्षं. त्या बारीक काळ्या माश्यांना ‘मोहरी’ हे नाव तूच ठेवलंस, आठवतं? तू बोट दाखवायचास, ते लिहायचे. मी घरी रफूच्या कपड्यांत बुडालेली असायचे आणि तुम्ही दोघं चिखलाचे बूट घेऊन माझ्या स्वच्छ फरशीवर यायचात. मी ओरडायचे. आतून बरं वाटायचं, तेही आज लिहून टाकते.

मग तू मोठा झालास, त्याच केंद्रात लागलास आणि कॅमेऱ्याचं ते सॉफ्टवेअर लिहिलंस. चित्रात काही हललं की आपोआप रेकॉर्डिंग सुरू, हालचाल थांबली की बंद. बाबांनी शेजारपाजारच्यांना ते इतकं समजावून सांगितलं की लोक आम्हाला टाळायला लागले. तू दहा दिवस सकाळी त्यांच्या स्टुलाशेजारी कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलंस. त्यांच्या वहीत दोनशे चौदा भेटी निघाल्या, तुझ्या कॅमेऱ्यात एकसष्ट. आणि केंद्राच्या सभागृहात, चांगले कपडे घालून आम्ही दोघं दुसऱ्या रांगेत बसलेलो असताना, तू पडद्यावर दोन रेघा दाखवून म्हणालास, “माणसाच्या नोंदींत साडेतीनपट फुगवटा आढळतो.” नाव घेतलं नाहीस. किती तो सभ्यपणा! त्या खोलीत बावीस वर्षं किडे मोजणारा माणूस एकच होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनीही वाजवल्या, सगळ्यांच्या थांबल्या तरी यांच्या थोडा वेळ चालूच होत्या. घरी येऊन वह्या माळ्यावर टाकल्या आणि स्टूल मला देऊन टाकलं, पंखा पुसायला.

तू जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेलास, “बाबा, सगळी रेकॉर्डिंग आहेत, बघा हवं तर.” त्यांनी हात लावला नाही. मी लावला. मला तुझ्या विद्येतलं ओ की ठो कळत नाही, पण मी रफू करणारी बाई आहे. गडद कापडावरचा सुटलेला काळा धागा ज्या बाईला दिसतो, तिला फुलावरची काळी माशी दिसते. नऊ दिवस दुपारची बसले. सोमवारचं चौथं रेकॉर्डिंग बघ. मोठं पिवळं फुलपाखरू येतं म्हणून कॅमेरा सुरू होतो, आणि पहिल्याच चित्रात, फुलपाखरू अजून फुलाला टेकलेलंही नाही तेव्हा, मोहरी पाकळीवर बसलेली आहे. ही कुठून आली? आधीच येऊन बसली होती. ती आली तेव्हा तुझा कॅमेरा झोपला होता. मी माळ्यावरून वही काढली. बाबांची ओळ होती: ‘नऊ बारा, मोहरी, एक.’ फुलपाखरू नऊ तेराला. एकसष्टपैकी अडतीस रेकॉर्डिंगांत अशी आधीच बसलेली मोहरी आहे आणि अडतीसच्या अडतीस वहीत आहेत. एक गांधीलमाशी तुझ्या कॅमेऱ्याला दिसली आणि यांना नाही, तेव्हा हे चष्मा पुसत असणार. तेवढं श्रेय तुझ्या यंत्राला देते.

इथपर्यंत मी तुला माफ केलं होतं, खरंच. म्हटलं पोराच्या लक्षात आलं नसेल, चूक कोणाकडूनही होते. मग तुझ्याबरोबर काम करणारी ती जाड चष्म्याची मुलगी तू घरी विसरलेलं तिकाटणं न्यायला आली. मी तिला हे दाखवलं तर ती बिचारी सरळ मनाने म्हणाली, “हो काकू, वाऱ्याने पान हललं तरी रेकॉर्डिंग सुरू व्हायचं. मग त्याने मर्यादा वाढवली, म्हणजे मोठं काही हललं तरच सुरू होईल. बारीक माश्या त्यात सुटतात, ते त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाला.” पुढच्या आवृत्तीत! अरे, सॉफ्टवेअरची निघते पुढची आवृत्ती. तुझ्या बापाची कुठून काढणार आहेस?

तुला माहीत होतं. पानं हलतात म्हणून तू चाळणीची भोकं मोठी केलीस, हे तुला माहीत होतं. पडद्यासमोर उभं राहून ‘फुगवटा’ म्हणालास तेव्हाही माहीत होतं. त्याहून वाईट सांगू? मी फोनवर तुला म्हटलं, बाबा फार खचलेत, त्यांना वाटतं आपल्याला नसलेलं दिसतं. तेव्हा तू मला काय म्हणालास? “वय झालं त्यांचं, आई. मान्य करायला हवं.” मी तेव्हा ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’ची मला आजही लाज वाटते. त्याच दोन रेघांवरचा तुझा शोधनिबंध छापायला गेला होता, तुझं नाव होणार होतं, म्हणून तू एका शहाण्या माणसाला स्वतःला वेडा समजू दिलंस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या यापेक्षा वेगळ्या नसतात.

तू म्हणशील, मग तूच का नाही सांगितलंस त्यांना? सांगितलं. लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला, माशीवर टाचणीचं टोक टेकवलं. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून म्हणाले, “तू माझी बायको आहेस, तुला दिसणारच. त्याचं यंत्र कोणाचं कोणी नाही.” त्या मुलीचं बोलणं सांगितलं तर म्हणाले, “आपला पोरगा असं करणार नाही.” बघ, अजून तुझीच बाजू घेतात. माझ्या शब्दाला या घरात पस्तीस वर्षं वजन होतं. ते तुझ्या दोन रेघांनी गेलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. यासोबत एक बंद पाकीट आहे. सोमवारी बाबांनी ते माझ्याकडे टपालाच्या पेटीत टाकायला दिलं. तिकीट त्यांनीच चिकटवलंय, कडेला कड लावून, सरळ. केंद्राच्या प्रमुखांना पत्र आहे. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं होतं, शुद्धलेखन बघ म्हणून: ‘माझ्या बावीस वर्षांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. मला नसलेले किडे दिसत असावेत. कृपया त्या सर्व काढून टाकाव्यात. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी टाकलं म्हणून त्यांच्याशी खोटं बोलले. माझ्या हातून ते पेटीत जाणार नाही. तुझ्या ऑफिसच्या दारातच पेटी आहे, टाकायचं तर तूच टाक. नाहीतर शनिवारी घरी ये, त्यांच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग की माश्या होत्या आणि तुला माहीत होतं. ते रोज दुपारी दारात उभं राहून विचारतात, “केंद्राचं उत्तर आलं का गं?” मी रोज नाही म्हणते.

तुझीच, पण या वेळी त्यांच्या बाजूची,
आई